बावीस सांता, एक हात

आमच्या बालवर्गाच्या दारावर एक पाटी आहे. ‘इथे वस्तू महत्त्वाची नाही, मुलाची कृती महत्त्वाची.’ ती मी रंगवलेली आहे. आधी मुलांनी रंगवली होती, पण ती मोठ्या बाईंना पसंत पडली नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बालशिक्षणावर त्या तासभर बोलू शकतात, आणि बोलतातही. त्यांच्या हाताखाली मी चार-पाच वर्षांच्या बावीस मुलांची ताई. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी कागदाची शेकडो फुलपाखरं, ससे, आगगाड्या आणि आजी-आजोबा बनवले, आणि त्या प्रत्येकाखाली दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे.

या कामाला आम्ही आपापसात ‘इस्त्री’ म्हणतो. पालकांसमोर हा शब्द कुणी काढत नाही. समजा, मुलांनी कागदी प्लेटचा मधला भाग कापून, कडेवर हिरवे कागद चिकटवून दाराला लावायचं नाताळचं कडं केलं. दुपारी मुलं घरी गेली की आम्ही दार लोटून घेतो आणि कड्यांना इस्त्री करायला बसतो. फाडलेला कागद काढायचा, सरळ कापलेला लावायचा, गोंदाचे ओघळ पुसायचे, आणि एका कोपऱ्यात मुलाचा स्वतःचा एक वेडावाकडा तुकडा राहू द्यायचा. तो तुकडा फार मोलाचा. तो बघूनच आईला भरून येतं. कुठला तुकडा ठेवायचा आणि तो किती वाकडा असू द्यायचा, यातच खरं कसब आहे.

नाताळ म्हणजे इस्त्रीचा हंगाम. कापसाचा स्नोमॅन, आइस्क्रीमच्या काड्यांचं झाड, टाकाऊ खोक्याची घरं, आणि सगळ्यावर चमकी. चमकीबद्दल मी काही बोलणार नाही. ज्याने ती पहिल्यांदा बालवर्गात आणली त्याला मुलं नसावीत आणि उशीही नसावी. माझ्या उशीवर ती मे महिन्यातही सापडते.

या वर्षी मोठ्या बाईंनी हाताच्या ठशाचा सांता ठरवला. लाल कार्ड घ्यायचं, मुलाचा पंजा पांढऱ्या रंगात बुडवायचा आणि बोटं खाली करून कार्डावर उमटवायचा. बोटांची झाली दाढी. वर गोल चेहरा, टोपी, टोपीला कापसाचा गोंडा. खाली मुलाचा छोटा फोटो, म्हणजे हात कुणाचा ते लगेच कळावं. नमुना फळ्यावर लागला. नमुन्यातला सांता इतका देखणा होता, की तो बनवणारं मूल निदान पस्तिशीचं असणार.

“आईवडील हे आयुष्यभर जपणार आहेत, ताई,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ठसा स्वच्छ हवा. पाचही बोटं हवीत.”

आता मौनीबद्दल सांगायला हवं. तिचं खरं नाव वेगळं होतं, मौनी आम्ही आपसांत म्हणायचो. साडेचार वर्षांची. शाळा सुरू होऊन सहा महिने झाले होते आणि शाळेत तिने एक शब्द उच्चारला नव्हता. रडली नाही, रुसली नाही, शू लागली तर हात वर करायची. बसायची आणि बघायची. तिच्या आईचं म्हणणं, घरी हिची टकळी बंद होत नाही. मोठ्या बाईंचं म्हणणं, असं सगळ्याच आया म्हणतात. एकदा आईने मोबाइलवर तिचा आवाज भरून आणला. मोठ्या बाईंनी तो डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, “आवाज काय, कुणाचाही असू शकतो.”

आईची नोकरी टेलिफोनवर तक्रारी घेण्याची. दिवसभर लोक तिच्यावर खेकसायचे आणि ती शांतपणे म्हणायची, “तुमची अडचण मला समजली.” मोठ्या बाईंशीही ती याच सुरात बोलायची आणि तो सूर मोठ्या बाईंना अजिबात खपायचा नाही. नोव्हेंबर संपता संपता त्यांनी तिला बोलावून घेतलं. मलाही बसवलं. नाताळच्या कार्यक्रमात मुलीने सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं. एकच, पण अर्थपूर्ण. नाही बोलली तर सुट्टीनंतर दुसरी सोय बघायची. दुसरी सोय म्हणजे शहराच्या पार टोकाची शाळा, दोन बस बदलून जायची. घरात या दोघीच. तिथे पोचवणं, तिथून आणणं आणि वर नोकरी, हे जमणारं नव्हतं. ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

“तुमची अडचण मला समजली,” आई म्हणाली. तिचा आवाज हलला तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मला चीड आली होती. खोलीतून बाहेर पडल्यावर मी आईला म्हटलं, “काळजी करू नका, मी बघते.” मग मी काय केलं, तर एक वाक्य निवडलं. ‘सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.’ रोज मधल्या सुट्टीत मौनीला समोर बसवून मी ते वीस वेळा म्हणायचे. ती माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायची. तीन आठवड्यांनी मला ते वाक्य स्वप्नातही ऐकू यायला लागलं. तिच्या तोंडून मात्र काही आलं नाही.

ठशांचं काम कार्यक्रमाच्या आदल्या दिवसावर आलं, कारण त्याआधी लाल कार्डंच आली नव्हती. आमच्या वर्गात एका वकिलांचा मुलगा आहे. त्याला सगळे तुफान म्हणतात, त्याचे वडीलसुद्धा, आणि तेही कौतुकाने. तुफानने पंजाऐवजी कोपर बुडवलं. एकीने मूठ उघडायलाच नकार दिला. एकाने रंग चाटून पाहिला आणि शेजाऱ्यालाही चाटायला लावला. जुळ्या भावांनी एकमेकांच्या पाठीवर ठसे उमटवले, ते मात्र फार सुरेख आले. कार्डांवर जे उमटलं त्यात मला तीन मासे, एक बदक आणि बाकी सगळे अपघात दिसले. रंग पडद्याला लागला, आमच्या मदतनीस मावशींच्या साडीला लागला, माझ्या चष्म्याला लागला. मुलं खूश होती. इतकं खूश मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मुलं गेल्यावर मोठ्या बाई आल्या. त्यांनी कार्डं एकेक उचलून पाहिली.

“हे काय आहे?”

“कृती,” मी म्हटलं.

त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळला असावा. “उद्या दहा वाजता पालक येणार,” त्या म्हणाल्या. “कपाटात कार्डं आहेत, मोजून बावीस. इस्त्री करून घ्या. आणि हे उचला इथून.” मावशींनी ते सगळे मासे आणि अपघात काळ्या पिशवीत भरले.

आता ठशाला इस्त्री कशी करणार? कागद सरळ कापता येतो, बोटं नाही येत. मी आधी वर्तमानपत्रावर माझाच पंजा उमटवून पाहिला. कार्डापेक्षा दाढीच मोठी झाली. मावशींचा पंजा माझ्याहून मोठा. डोक्याला हात लावून बसले, तेव्हा कोपऱ्यात मौनी दिसली. आईची ड्यूटी संपेपर्यंत ती रोज तासभर मागे थांबायची.

मी तिला बोलावलं. ती आली. मी म्हटलं, “हात दे.” तिने दिला. बोटं पसरली, रंगात टेकवली, कार्डावर दाबली, आणि मी ‘उचल’ म्हणेपर्यंत हलली नाही. ठसा असा स्वच्छ आला, की मला त्या मुलीला मिठी मारावीशी वाटली. नमुन्यापेक्षा सुंदर. मग दुसरा. मग तिसरा. मी एकेक ठसा वाळवत होते आणि खाली फोटो चिकटवत होते. तुफानचा फोटो. जुळ्यांचे फोटो. मौनी फोटोकडे बघायची, मग आपल्या पांढऱ्या पंजाकडे, मग माझ्याकडे.

“ही आपली गंमत हं,” मी म्हटलं. “कुणाला सांगायची नाही.” हे आपण कुणाला सांगतोय ते लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. मावशीही हसल्या.

बाविसावं कार्ड तिचं स्वतःचं होतं. सगळ्यांत खरं असं ते एकच. मग मी तिचा हात कोमट पाण्याने धुतला, पुसला, आणि तिची आई आली तेव्हा ती नेहमीसारखी बूट घालून दाराशी बसली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. मोठ्या बाईंनी मौनीला झाड केलं होतं. झाडाला बोलावं लागत नाही, असं त्याच म्हणाल्या आणि मग त्याच झाडासमोर माइक धरला. “आता आमची छोटी मैत्रीण दोन शब्द बोलेल.” मी पडद्यामागून ओठ हलवत होते. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. आई तिसऱ्या रांगेत होती, तिचेही ओठ हलत होते. मौनीने समोर बघितलं. मग माइककडे बघितलं. अर्धं मिनिट झालं असेल. मला ते फार मोठं वाटलं. मोठ्या बाईंनी माइक उचलला, “लाजली वाटतं,” म्हणाल्या आणि पुढचं गाणं लावलं. आईने मान खाली घातली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

त्यानंतर सगळे शेजारच्या खोलीत प्रदर्शन बघायला गेले. मुलांना नीट दिसावेत म्हणून बावीसही सांता भिंतीवर खाली, एका रांगेत लावले होते, वर हिरवी कडी, काड्यांची झाडं आणि खोक्यांची घरं मांडली होती, आणि आईवडील कमरेत वाकून बघत होते. एक आई सतत रील करत असते, तिने भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोबाइल फिरवला. एक आजी नातीच्या कार्डासमोर डोळे पुसत होत्या. वकीलबाबा तुफानच्या कार्डापाशी गुडघ्यावर बसले होते.

“बोटं बघ,” ते बायकोला म्हणाले. “लांब आणि सरळ. ही आमच्या घराण्याची बोटं. माझ्या वडिलांची अश्शीच होती.”

बायकोने मान डोलावली. तुफान टेबलाखाली चमकीचा डबा दातांनी उघडत होता.

“हा माझा हात आहे.”

आवाज बारीक होता, पण स्पष्ट. मी तो कधी ऐकलेला नव्हता, म्हणून कोण नवीन मूल आलं ते बघायला मागे वळले. झाडाच्या पोशाखात मौनी उभी होती.

“काय म्हणालीस, बाळा?” वकीलबाबांनी विचारलं.

“हा माझा हात आहे.” तिने शेजारच्या कार्डाकडे बोट दाखवलं. “हापण माझाच आहे. हापण.”

आई दाराशी होती, निघायच्या बेतात. तिच्या हातातला कागदी कप तिरका झाला, चहा बुटांवर सांडला, तिला पत्ताही नव्हता.

मोठ्या बाई हसत हसत पुढे आल्या. “किती गोड! तिला सगळेच हात आपले वाटतात. हीच तर वाटून घेण्याची भावना आम्ही रुजवतो.” दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई मौनीसमोर वाकल्या. “पण बाळा, हा तुफानचा हात. खाली त्याचा फोटो आहे ना? म्हण बघू, हा तुफानचा हात.”

“नाही,” मौनी म्हणाली.

“ताई, तुम्ही सांगा बरं तिला.”

सगळ्या घरची माणसं माझ्याकडे बघत होती.

“मुलांना वाटतं असं कधीकधी,” मी म्हणाले.

या वाक्याची मला आजही लाज वाटते. ते मी मोठ्या बाईंच्याच आवाजात म्हटलं होतं, हुबेहूब.

मौनीने माझ्याकडे पाहिलं. तिने पंजा उलटा केला, बोटं खाली, आणि तुफानच्या सांताच्या दाढीवर ठेवला. करंगळीवर करंगळी, अंगठ्यावर अंगठा. कुठे तसूभर फरक नाही. मग तो उचलून शेजारच्या कार्डावर ठेवला. मग त्याच्या शेजारच्या.

आई गर्दीतून पुढे आली. “मोठ्या बाई, ती बोलली. सगळ्यांसमोर बोलली. एक वाक्य ठरलं होतं, तिने जास्तच म्हटली.”

“बोलली, मान्य आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण मी अर्थपूर्ण म्हटलं होतं. हे असंबद्ध आहे. दुसऱ्यांचे हात आपले समजायचे, हे तर जास्त काळजीचं आहे. मला अहवालात तसंच लिहावं लागेल.”

“तुमची अडचण मला समजली. पण ती म्हणते ते खरं असलं तर?”

मोठ्या बाई हसल्या. बिचाऱ्या, तिथेच फसल्या. “खरं असलं तर प्रश्नच मिटला. मग ती याच शाळेत राहील.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” आईने विचारलं. रीलवाल्या आईने मोबाइल खाली न घेता मान हलवली. मग आई माझ्याकडे वळली. “ताई, तुम्ही सांगा. खरं आहे का?”

माझी नोकरी घरापासून दहा मिनिटांवर आहे. नऊ वर्षांत मला दुसरं काही येत नाही, फक्त कागद सरळ कापता येतो. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. कानांवर हात ठेवणं सोपं होतं, आणि ते मी आत्ताच एकदा केलंही होतं. मौनी पाचव्या कार्डावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी होती. तिचा चेहरा रोज मधल्या सुट्टीत असायचा तसाच होता. फरक इतकाच की आता वाक्य मला म्हणायचं होतं.

“खरं आहे,” मी म्हटलं. “सगळे बावीस तिचेच आहेत. काल दुपारी मीच उमटवले.”

वकीलबाबा गुडघ्यांवरून उठले. त्यांनी आपले हात खिशात घातले. “मग आमच्या मुलाचा ठसा कुठे आहे?”

“काल कचऱ्यात गेला. कोपराचा होता.”

“आणि माझ्या नातीचा?” आजींनी विचारलं. रुमाल अजून डोळ्यांपाशीच होता.

“तोही गेला, आजी. त्याला तीनच बोटं होती.”

“मला तीन बोटांचा चालला असता,” आजी म्हणाल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांचा नंबर आलाच नाही. मौनीला कंठ फुटला होता. सहा महिने ती कोपऱ्यात बसून जे बघत होती ते सगळं एकापाठोपाठ एक बाहेर पडायला लागलं.

“हा कापूस ताईंनी लावला,” ती भिंतीच्या कडेने चालत म्हणाली. “हे डोळे पण ताईंनी लावले. हे कडं मावशींनी केलं. मी झाडाला काडी लावली होती, ती काढली. याने घर निळं केलं होतं, ते पुन्हा लाल केलं. मोठ्या बाई ठोकळे काढतात, आमचा फोटो काढतात आणि ठोकळे कपाटात ठेवतात. मग कुलूप लावतात. पाहुणे आले की आम्हाला माती देतात. पाहुणे गेले की माती देत नाहीत.”

प्रत्येक वाक्य पूर्ण होतं आणि अर्थपूर्णही होतं. पालक आता कार्डांकडे बघत नव्हते. प्रत्येक जण आपल्या मुलाचा हात धरून बोटं न्याहाळत होता.

“बास हं, बाळा,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “खूप बोललीस. आता गप्प बसायचं. तोंडावर बोट.”

कुणीतरी मागून फिसकन हसलं.

“बोलू द्या तिला,” आई म्हणाली. ती रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. “सहा महिने वाट बघितलीय मी.”

मौनी बोलत राहिली. कोण कुणाला चावलं, कुणाचा खाऊ कोण खातं, मावशी कुठे झोपतात. भिंत संपली तशी ती वळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही हसेल. खरं बोलल्याबद्दल माझ्या पदरात काहीतरी पडेल, अशी वेडी आशा मला होती.

“काल ताई माझा हात पुसत होत्या,” तिने सगळ्यांना सांगितलं. “तेव्हा म्हणाल्या, बरं झालं ही बोलत नाही.”

हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं नव्हतं. आठवत होतं, पण गाळलं. तिच्या हातावर पाणी घालताना मी ते मावशींकडे बघून म्हटलं होतं, अगदी सहज, तिच्या डोक्यावरून. तिला ऐकू येतं हे मला माहीत होतं. सहा महिने तिला शिकवत होते मी.

आई माझ्याकडे बघत होती. मोठ्या बाईही बघत होत्या, त्यांना बहुधा जरा बरं वाटलं असावं. मौनी मान वर करून थांबली होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

“हो,” मी म्हटलं. “म्हणाले होते.”

तिने मान हलवली आणि आईला सांगायला गेली, की तिला भूक लागली आहे.